कपाट क्रमांक चारमधल्या मोहिमा

गेल्या डिसेंबरातल्या पहिल्या बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास, आमच्या वाचनालयाच्या ओट्यावर एकतीस पुस्तकांची किंमत ठरली : दोनशे चोवीस रुपये. वजन चौदा किलो, दर सोळा. हजर होते वाचनालयाचे अध्यक्ष नाना, रद्दीवाला रामसजीवन, त्याचा तराजू आणि ग्रंथपाल म्हणून मी. पुस्तके सगळी शोधमोहिमांची होती. बर्फातून ध्रुवाकडे निघालेली माणसे, वाळवंट ओलांडणारी माणसे, नदीचा उगम शोधायला जंगलात शिरून तापाने फणफणलेली माणसे. सरसकट सोळा रुपये किलो.

मूळ संख्या बत्तीस. बत्तिसावे पुस्तक, दाखल क्रमांक अकराशे सत्त्याऐंशी, पाच वर्षांपासून बाहेर होते. ते कोणाकडे आहे हे मला ठाऊक होते. तो माणूस कुठे आहे हे मात्र ठाऊक नव्हते.

मला या नोकरीत एकवीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत सांगण्यासारख्या गोष्टी पुष्कळ घडतात, पण मी इथे माझ्या एकाच चुकीबद्दल लिहिणार आहे. ती मी दोनदा केली. एकदा अजाणतेपणी आणि एकदा रीतसर ठराव करून.

आमचे गाव मुळशी तालुक्यात, पौडच्या अलीकडे. वाचनालय रस्त्याला लागून : दोन खोल्या, अकरा कपाटे, सहा हजार एकशे चार पुस्तके आणि मागे दोन गुंठे मोकळी जागा. ग्रंथपाल म्हणजे ‘शांतता राखा’ म्हणणारी बाई, असे लोकांना वाटते. आमच्याकडे शांतता राखण्याइतकी माणसेच एका वेळी येत नाहीत. खरे काम नोंदींचे. पुस्तक आले की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक द्यायचा, विषय ठरवायचा, विषयाप्रमाणे कपाट ठरवायचे आणि शेवटच्या पानावर एक चिठ्ठी चिकटवायची. पुस्तक नेले की त्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का पडतो. पुस्तक किती जगले हे त्या चिठ्ठीवरून कळते. कोरी चिठ्ठी म्हणजे मेलेले पुस्तक.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात सूसहून एक ट्रंक आली. तिथल्या एका सोसायटीतले निवृत्त काका मुलाच्या नव्या घरात राहायला गेले होते. त्या घरात बूट ठेवायला स्वतंत्र कपाट होते, पुस्तकांना नव्हते. ट्रंकेत बत्तीस पुस्तके निघाली. तीन दिवसांनी तपासणी होती आणि मी ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षेत नुकतेच एकाहत्तर टक्के मिळवलेले होते, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर. वाचायला वेळ नव्हता. मी मुखपृष्ठे पाहिली. अकरा पुस्तकांवर कुत्री, सातांवर उंट, सहांवर घोडे, चारांवर याक, तीन पुस्तकांवर खेचरे. मागे कुठेतरी दाढीवाला माणूस असे, पण पुढे ठळक जनावरच. मी सगळी पुस्तके कपाट क्रमांक चारमध्ये लावली : शेती व पशुपालन. शेवटच्या एका पुस्तकावर पेंग्विन होता. तो मी त्याच कपाटातल्या कुक्कुटपालनाच्या कप्प्यात टाकला.

तपासनीस आले, शिक्के पाहिले, चहा घेतला आणि गेले. चूक माझ्या लक्षात आली ती दोन महिन्यांनी, कासारसाईच्या बाळूतात्यांमुळे. त्यांच्या दीड हजार कोंबड्या होत्या. त्यांनी पेंग्विनचे पुस्तक टेबलावर आपटले.

“बाई, दोनशे पानं वाचली. ह्या पाखराला खुराक काय द्यायचा, त्ये कुटंच न्हाई!”

“तात्या, ते बर्फातलं पाखरू आहे. ते पुस्तक मोहिमेचं आहे.”

“त्ये कळलं मला पन्नासाव्या पानावं.”

“मग दीडशे पानं पुढं कशाला वाचलीत?”

तात्यांनी पुस्तक टेबलावरून परत उचलले. “ती मानसं तंबूत अडाकल्याली. तशीच सोडून कसं यायचं?” आणि त्यांनी मुदत वाढवून घेतली.

त्याच दिवशी मी पुस्तके योग्य कपाटात हलवायला हवी होती. हलवली नाहीत. एक तर दाखल नोंदवहीत बत्तीस ठिकाणी खाडाखोड झाली असती, आणि माझ्या नोंदवहीत खाडाखोड नसते. दुसरे म्हणजे चिठ्ठ्यांवर शिक्के पडत होते. गाईवाले, शेळीवाले, कुत्रा पाळणारे, सगळे कपाट चारपाशी येत, लसीची माहिती शोधता शोधता उंटावर बसून वाळवंटात जात आणि पंधरा दिवसांनी रापलेल्या चेहऱ्याने परत येत. सोळा वर्षांत या बत्तीस पुस्तकांची देवघेव झाली नऊशे अठरा वेळा. मी गप्प राहिले. घरी मात्र एकदा बोलून गेले. आमचे हे म्हणाले, “म्हणजे तुझं खातं बरोबर नाही, पण चालतंय.” त्यानंतर दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरते बोलले.

या सगळ्यात पहिल्या नंबरचा वाचक म्हणजे धुळाजी. धुळाजी मेंढपाळ. दिवाळी झाली की त्यांचा कळप देशावरून निघायचा, आमच्या रस्त्याने घाट उतरून कोकणात जायचा आणि पाऊस तोंडावर आला की परत वर यायचा. सोबत बायको जिजाबाई, दोन घोडी, घोडीवर संसार आणि संसारावर पाय बांधलेल्या कोंबड्या. शिक्षण चौथी. जाताना दोन पुस्तके न्यायची, येताना ती द्यायची आणि आणखी दोन घेऊन वर जायचे, असा त्यांचा शिरस्ता. आमच्याकडे मुदत पंधरा दिवसांची. त्यांचे पंधरा दिवस सहा महिन्यांचे असत.

त्यांच्या पहिल्या वर्षी, म्हणजे माझ्या नोकरीच्या पाचव्या, मी दंड सांगितला. धुळाजींनी मुंडासे मागे सारून डोके खाजवले.

“रोख न्हाई बाई. मेंढरं बसवतो.”

बाहेरच्यांसाठी सांगते : कापणी झालेल्या शेतात रात्रभर मेंढ्या बसवल्या की लेंडीखताने जमीन सुधारते. शेतकरी त्याबद्दल मेंढपाळाला धान्य किंवा पैसे देतो. धुळाजींनी एका रात्रीसाठी वाचनालयाच्या मागच्या दोन गुंठ्यांत मेंढ्या बसवल्या. मी पावती फाडली : ‘विलंब शुल्कापोटी लेंडीखत, एक रात्र.’ पुढे हिशेब तपासनिसांनी त्या पावतीवर बोट ठेवून माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मी त्यांना मागच्या पपया दाखवल्या आणि जाताना दोन बांधून दिल्या. त्या पपयांचीही नोंद आहे.

धुळाजींशी माझे खरे भांडण झाले ते वेगळ्याच कारणाने. ते पुस्तकात पेन्सिलीने लिहायचे. कोऱ्या शेवटच्या पानावर, तारखांच्या चिठ्ठीच्या शेजारी : ‘कुत्री ४० गेली. ७ आली.’ दुसऱ्यात : ‘उंट २२ गेले. ९ आले. ४ विकले. बाकी लिहिलं न्हाई.’

“धुळाजी, पुस्तकात लिहायचं नसतं.”

“मग त्येनी लिवायचं व्हतं की! येवढं जाड पुस्तक. सायेबाच्या बुटाला भोक पडलं त्येला पान खर्चलंय. आन चाळीस कुत्र्यांचं काय झालं त्ये चार ठिकानी इस्कटून लिवलंय. मी गोळा केलं.”

“पण कशाला?”

“बाई, कळप घिऊन निगाल्याला मानूस परत आला का, ह्ये बगायचं नसतं. कळप आला का, ह्ये बगायचं असतं.”

मी खोडरबर काढले होते. ते परत खणात ठेवले. आकड्यांचा माणूस आकड्यांपुढे ढिला पडतो. त्या संध्याकाळी मी त्यांचा हिशेब पुस्तकाशी ताडून पाहिला. चाळीस बरोबर, सात बरोबर. बारा वर्षांत त्यांनी बत्तीसही पुस्तकांच्या मागे असा ताळेबंद मांडला, आणि मला त्यात एकच चूक सापडली. एका खेचराला त्यांनी दोनदा मारले होते.

मग वाचनालयात संगणक आला. करोनाच्या आधीचा हिवाळा होता तो. धुळाजी नुकतेच, त्या खेपेला एकच पुस्तक, अकराशे सत्त्याऐंशी, घेऊन घाट उतरले होते. सगळी पुस्तके नव्याने चढवायची होती, म्हणजे खाडाखोड न करता चूक दुरुस्त करायची संधी. मी ती साधली. मोहिमा कपाट चारमधून काढल्या आणि कपाट नऊमध्ये लावल्या : भूगोल व प्रवास. पेंग्विनसुद्धा. त्या दिवशी मला अंगावरचे जुने ओझे उतरल्यासारखे वाटले. सोळा वर्षांनी माझ्या वाचनालयात एकही पुस्तक चुकीच्या जागी नव्हते.

आणि त्या दिवसापासून त्या पुस्तकांना कोणी हात लावला नाही.

आधी मी करोनाला दोष दिला. करोना गेला, वाचक परत आले, चिठ्ठ्या कोऱ्याच. एकवीस वर्षांत मी शिकलेली एक गोष्ट कोणत्याही अभ्यासक्रमात नाही : वाचक पुस्तक शोधत नाही, कपाट शोधतो. बाळूतात्या कपाट चारपाशी यायचे, कोंबड्यांच्या लसी चाळायचे आणि जायचे. कपाट नऊपाशी फक्त एकदा एक तरुण आला, मारुंजीला भाड्याने राहणारा, संगणक कंपनीतला. “मॅडम, एक्सपिडिशनचं कलेक्शन भारी आहे तुमचं,” म्हणाला. सात मुखपृष्ठांचे फोटो काढले आणि एकही पुस्तक न नेता गेला.

धुळाजीही आले नाहीत. कोणी म्हणाले, ते दुसऱ्या घाटाने जातात. इकडे रस्ता रुंद झाला होता, शेतांना कंपाउंडे पडली होती आणि कळप बसवायला जागा राहिली नव्हती.

आता नियमाकडे येते. पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेले पुस्तक वाचनालयातून काढून टाकावे, असा आमच्या कार्यकारिणीचा नियम आहे. त्याचा मसुदा कोणी लिहिला? मी. स्वच्छ अक्षरात, तीन प्रती. नानांना कपाट नऊ स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांसाठी हवे होते. त्यांनी यादी मागितली, मी काढली. एकतीस नावे. नावांपुढे शून्य, शून्य, शून्य.

ही शून्ये कशी पडली हे मला एकटीला माहीत होते. सांगायचे तर सोळा वर्षांची चूक कबूल करावी लागली असती, तीही नानांपुढे, जे गावभर सांगतात की ‘आमच्या बाईंचं काम म्हंजी घड्याळ.’ मी सांगितले नाही. त्या बुधवारी ओट्यावर उभी राहून मी वजन बरोबर होते की नाही तेवढे पाहिले. रामसजीवनने दोन पोती भरली, टेंपोत टाकली, दोनशे चोवीस रुपये माझ्या हातात दिले. मी पावती दिली. नाना म्हणाले, “चला, जागा झाली.” रामसजीवनने टेंपो सुरू केला आणि लगेच बंद केला.

“मॅडम, रोड तो गया,” तो म्हणाला.

सूसकडून मेंढ्या येत होत्या. रस्ताभर, या गटारापासून त्या गटारापर्यंत. दोनशे दहा, हे मला नंतर कळले. मागे गाड्यांचे भोंगे, पुढे टेंपो आडवा. कळपाला पुढे जायला वाट नाही, म्हणून कळप वाचनालयाच्या अंगणात शिरला. आणि मेंढ्यांमागून, केस पार पांढरे झालेले, धुळाजी.

“त्या घाटाचं काम काढलंय,” ते म्हणाले, जणू कालच गेले होते. घोडीच्या खोगिराच्या थैलीतून त्यांनी प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेले पुस्तक काढले. “ह्ये घ्या बाई. उशीर झाला जरा.”

“पाच वर्षं अठ्ठावीस दिवस.”

“मोजलं व्हय?”

“माझं कामच आहे ते.”

ते आत गेले. कपाट चारपाशी. मी ओट्यावरच उभी राहिले. दोन मिनिटांत बाहेर आले.

“बाई, हितं समदं लसींचं ठिवलंय. माजी जनावरं कुटं गेली?”

नानांनी टेंपोकडे बोट केले.

धुळाजी टेंपोवर चढले, पोत्याचे तोंड सोडले आणि एक पुस्तक वर काढले. मुखपृष्ठावर घोडा. त्यांनी मागचे पान उघडून नानांपुढे धरले. “वाचा.”

नानांबद्दल सांगायचे राहिले. नानांना बैलगाडा शर्यतीचा नाद. त्यांच्या बैलाला घरात त्यांच्या आधी जेवण मिळते. नानांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचले, “घोडी एकोणीस गेली. शून्य आली.” चष्म्यावरून पाहत म्हणाले, “शून्य? मेली व्हय थंडीनं?”

“दोन थंडीनं.”

“आन बाकीची?”

“खाल्ली.”

“कुनी? लांडग्यानी?”

“सायेबानं.”

नाना ओट्यावर बसले. “सोताची घोडी?”

“ज्या घोडीनं सामान वडलं, तीच. आन तिच्या नावासकट लिवलंय. नावं ठिवल्याली त्येनी समद्यांची.”

“नावं ठिवून खाल्ली?” नानांचा आवाज चढला. “कुटल्या पानावं?”

टेंपोतून रामसजीवनने मान बाहेर काढली. “घोड़ा काहे खाया, मॅडम?”

मेंढ्या ओरडत होत्या, भोंगे वाजत होते, आणि ओट्यावर नाना पाने उलटत होते. मी तेव्हा बोलले. एका दमात बोलले, थांबले असते तर जमले नसते. ट्रंक, मुखपृष्ठे, कपाट चार, पेंग्विन, सगळे. नानांनी पानात बोट ठेवले.

“मंजी सोळा वर्षं ही पुस्तकं चुकीच्या कपाटात व्हती?”

“हो.”

“आन किती येळा गेली?”

“नऊशे अठरा.”

“आन बरूबर कपाटात घातल्यावं?”

“शून्य.”

“मग बाई,” नाना म्हणाले, “चूक कंची?”

जिजाबाई घोडीशेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “समदी शानी मानसं हायेत. मेंढरं उनात हुबी हायेत त्येचं कुनाला काय न्हाई.”

ठराव तिथेच झाला. दोन कार्यकारिणी सदस्य मागच्या गाड्यांत अडकलेले होते, ते भोंगा वाजवायचे सोडून सह्या करायला आले. मजकूर मी लिहिला : ‘शोधमोहिमांची बत्तीस पुस्तके कपाट क्रमांक चार, शेती व पशुपालन, येथे ठेवण्यात यावीत. हे वर्गीकरण शास्त्राप्रमाणे चूक आहे याची ग्रंथपालांना जाणीव आहे.’ नाना म्हणाले, दुसरे वाक्य काढा. मी काढले नाही. पेंग्विन परत कुक्कुटपालनात गेला.

नानांनी घोड्यांचे पुस्तक खाली ठेवलेच नाही. मी रीतसर शिक्का मारून ते त्यांच्या नावावर चढवले.

रामसजीवनला दोनशे चोवीस रुपये परत दिले, पावती रद्द केली. माझ्या पावती पुस्तकातली ती एकमेव रद्द पावती.

राहिला धुळाजींचा दंड. एक हजार आठशे पंचावन्न दिवस, मुदतीचे पंधरा वजा जाता एक हजार आठशे चाळीस. दहा पैशांनी एकशे चौऱ्याऐंशी रुपये. धुळाजी म्हणाले, “बसवतो की.” त्या रात्री मेंढ्या वाचनालयामागे बसल्या. सकाळी ते निरोप घ्यायला आले तेव्हा मी त्यांना थांबवले. माझ्या चुलत दिरांनी त्याच आठवड्यात दुसऱ्या एका कळपाला एका रात्रीचे चारशे रुपये दिले होते. म्हणजे वाचनालयच त्यांचे दोनशे सोळा देणे लागत होते. मागच्या वर्षांचे तर विचारूच नका.

“धुळाजी, तुम्ही बारा वर्षं जास्त दंड भरलात.”

“ठावं हाय,” ते हसले. “पर बाई, मेंढरं कुटंतरी बसवायची व्हतीच की. आता तर समदीकडं तारा. हितं तेवढं कुनी हाकलत न्हाई.”

याचा हिशेब कोणत्याही वहीत बसत नाही. म्हणून मी जो येत होता तो केला.

दिले : धुळाजींना, दोनशे सोळा रुपयांपोटी घरचा आंबेमोहोर तांदूळ, ऐंशीच्या दराने दोन किलो सातशे ग्रॅम. काट्यावर मी दाणे काढघाल करत होते तेव्हा जिजाबाई म्हणाल्या, “टाका की बाई मूठभर, काटा काय रडंल?” मूठ टाकली. मूठ माझी, ती खर्ची घातलेली नाही. पोहोच म्हणून मी वही पुढे केली. धुळाजींनी कानावरची पेन्सिल काढली आणि सावकाश लिहिले :

‘तांदूळ पोचला. पुस्तकं ३२ गेली. ३१ आली. १ अध्यक्षाकडं. जित्तं हाय.’